एसीला वीज किती लागते? मीटरजवळ उभं राहून मांडलेला हिशेब



उन्हाळा लागला की आपल्या कार्यक्रमाला येणारे प्रश्न बदलतात. यंदा तीन वेगवेगळ्या गटांनी एकच प्रश्न विचारला. घरात एसी बसवला तर वीज किती लागते, आणि बिल किती येतं?

त्यातल्या एका गटापुढे तर पेचच होता. गटातल्या एका ताईंनी एसीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, लेक बाळंतपणाला आलेली, आणि डोक्यावर पत्रा. काही जणी म्हणाल्या, द्यायला हवं. काही म्हणाल्या, शेळ्यांना किंवा शिलाई मशीनला कर्ज दिलं तर त्यातून हप्ता निघतो, एसीतून काय निघणार? बिलच निघणार! दोन्हीकडचं बोलणं खरं. पण बिल म्हणजे नेमकं किती, हे कुणालाच सांगता येईना. एक म्हणे महिन्याला हजार-दीड हजार, दुसरी म्हणे साडेतीन हजाराच्या खाली नाहीच.

गंमत म्हणजे दोघींचेही आकडे बरोबर असू शकतात. कसे, ते आज बघू. वही-पेन्सिल जवळ असू द्या, आकडेमोड आहे. अवघड नाही. दूध संस्थेची पावती आपण तपासतो, तेवढीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. एसी म्हणजे चैन, तो शहरातल्या लोकांनी वापरावा, असं आम्ही म्हणणार नाही. रात्री पत्र्याखाली झोप लागत नाही आणि पहाटे उठून तीच बाई शेतावर जाते. आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळाला उकाड्याचा धोका जास्त. तेव्हा घ्यावा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आम्ही फक्त हिशेब मांडतो.

आधी युनिट समजून घेऊ. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट वीज जळते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा. तो रात्रीचे आठ तास फिरला तर ६०० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहून जरा जास्त. दीड टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे १६०० वॅट घेतो. म्हणजे वीस-एकवीस पंखे एकदम लावल्यासारखं. ऐकून छाती दडपते, पण हा आकडा पूर्ण खरा नाही, कारण कॉम्प्रेसर सगळा वेळ चालत नाही. खोली गार झाली की तो थांबतो, तापली की पुन्हा सुरू होतो. तो किती वेळ चालतो, यावर सगळं बिल अवलंबून असतं.

टन म्हणजे काय, हेही एकीनं विचारलं होतं. एसीचं वजन दीड टन असतं का? नाही हो, मग भिंतच खाली येईल! पूर्वी बर्फानं गारवा करत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. वॅटच्या भाषेत साधारण साडेतीन हजार. दीड टनाचा एसी पाच हजार वॅटच्या आसपास उष्णता ओढतो.

आता कुणी हुशार बाई विचारेल, वीज घेतो सोळाशे वॅट आणि उष्णता ओढतो पाच हजार, हे कसं? यासाठी विहिरीकडे या. मोटार पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर उचलून टाकते. एसीसुद्धा गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. म्हणून तर बाहेरच्या पेटीसमोर उभं राहिलं की चटका देणारी हवा अंगावर येते. उचलायला वीज लागते, पण उचललेला माल विजेच्या तिप्पट असतो.

विहिरीचं हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे सगळीकडे कामाला येणार आहे. पाणी जितकं खोल, तितका मोटारीवर भार जास्त. एसीची खोली म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक. बाहेर ४० अंश असताना आत २६ ठेवायचं तर चौदा अंशांची विहीर झाली. १८ ठेवायचं म्हटलं तर बावीस अंशांची. आणि दुसरी गोष्ट, विहिरीला झरे मोठे असतील तर कितीही उपसा, पाणी हटत नाही. खोलीचे झरे कोणते? तापलेला पत्रा, पश्चिमेची भिंत, दाराखालची फट, उघडी खिडकी. उष्णता तिथून आत येतच राहते आणि बिचारा कॉम्प्रेसर उपसतच राहतो.

रिमोटवर १६ लावलं की खोली लवकर गार होते, असं घरोघरी वाटतं. होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालतो तेव्हा एकाच जोरानं चालतो, १६ लावा नाही तर २४. फरक इतकाच की १६ ला पोचायचं म्हणून तो थांबायचं नावच घेत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं सांगणं असं की एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. आमचा सल्ला २६ चा, आणि सोबत पंखा मंद फिरू द्या. पंख्याच्या वाऱ्यानं अंगाला अजून दोन अंश गार वाटतं आणि पंखा खातो किती, तर एसीच्या पासंगालाही नाही. २० वरून २६ वर आलात तर विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाचतो. बाळ-बाळंतिणीच्या अंगावर तर थेट झोत नकोच, पाती वर करून ठेवा.

दुकानात गेलात की एसीवर एक चिकटवलेली पट्टी दिसेल. तिच्यावर तारे असतात, एक ते पाच. सगळ्या जणी तारे बघतात, पण त्याच पट्टीवर त्याहून कामाचा एक आकडा असतो, तो फार थोड्या बघतात. वर्षाला किती युनिट, हा तो आकडा. वर्षाला म्हणजे १६०० तास चालवला तर, असं धरलेलं असतं. दीड टनाच्या पाच तारांच्या एसीवर हा आकडा साधारण ७५० ते ८०० असतो. तीन तारांच्या एसीवर हजाराच्या आसपास. त्याला १६०० नं भागा. पाच तारांचा तासाला जेमतेम अर्धा युनिट, तीन तारांचा त्याहून थोडा जास्त. रात्रीचे आठ तास धरले तर एकाचे चार युनिट, दुसऱ्याचे पाच.

पण हा आकडा म्हणजे गाडीच्या दुकानात सांगितलेलं अॅव्हरेज आहे. रस्ता चांगला असेल तर तेवढं मिळतं. सगळ्या एसींना एकाच मापानं मोजलेलं असल्यामुळे दोन एसींची तुलना करायला तो पक्का आहे. तुमच्या खोलीत बिल किती येईल, हे तो सांगू शकत नाही. आणखी एक. ताऱ्यांची मापं दर काही वर्षांनी कडक होतात. २०१८ मध्ये झाली, २०२२ मध्ये झाली. त्यामुळे २०१९ सालच्या पाच तारांच्या एसीला आजच्या मापानं तेवढे तारे मिळतीलच असं नाही. जुना एसी दाखवून कुणी पाच बोटं नाचवली तर पट्टीवरचं साल विचारा.

इन्व्हर्टर एसी या नावानं तर गावोगाव घोळ घातलाय. लाईट गेल्यावर चालतो तो इन्व्हर्टर, मग इन्व्हर्टर एसीही लाईट गेल्यावर चालेल, अशी समजूत. अजिबात नाही. त्यात बॅटरी नसते. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करतो, इतकाच त्या नावाचा अर्थ. साधा एसी म्हणजे पूर्ण जोरात चालणारी नाही तर पूर्ण बंद असणारी मोटार. इन्व्हर्टर एसी म्हणजे हळूहळू, पाहिजे तेवढंच पाणी उचलणारी. खोली गार झाली की तो दोनशे-तीनशे वॅटवर रेंगाळत राहतो. वीज वाचते ती तिथे. आणि घरातल्या बल्ब-पंख्याच्या बॅटरीवर एसी लावायचा प्रयत्न करू नका, ती त्याच्या ताकदीची नसते.

आता मीटरकडे चला. शेजारणीकडे एसी असेल तर तिच्या मीटरकडे चला, घ्यायच्या आधीच कळेल. रात्री झोपताना मीटरचा आकडा वहीत लिहा, सकाळी उठून पुन्हा लिहा. एक रात्र एसी लावून, एक रात्र नुसत्या पंख्यावर. दोन्हीतला फरक तो एसीचा. शक्यतो लागोपाठच्या रात्री घ्या. एक रात्र चैत्रातली आणि एक वळवाच्या पावसानंतरची, असं करू नका.

एवढा धीर नसेल तर दुसरी युक्ती आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि पुढे ‘इम्प’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याला साठनं गुणा, मीटरवरच्या आकड्यानं भागा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८० वेळा लुकलुकला तर तासाला दीड युनिट जळतंय. नुसता एक पंखा चालू असेल तर तोच दिवा मिनिटाला चारदाच लुकलुकेल. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिव्याला कशी घाई होते, हे एकदा डोळ्यांनी बघाच. एवढं बघितलेल्या बाईला रिमोटवर १६ लावू नका, असं सांगावं लागत नाही, आणि शाळेतली पोरं तर हे गणित आपल्याआधी करतात.

आता बिल. आपल्याकडे महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात. १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. आम्ही २०२४-२५ च्या दरपत्रकाचे आकडे घेतले आहेत. दर बदलत राहतात, तुम्ही तुमच्या ताज्या बिलामागचे घ्या, रीत तीच राहील. त्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, पुढच्या टप्प्याला १० रुपये २९ पैसे, त्यापुढे ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. यात दर युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार मिळवायचा. म्हणजे पहिलं युनिट पडलं ५ रुपये ८८ पैशांना, १०१ वं युनिट ११ रुपये ४६ पैशांना, आणि ३०१ वं युनिट १५ रुपये ७२ पैशांना. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे.

इथे एक गैरसमज दूर करू. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. पहिली शंभर पहिल्याच दरानं मोजतात, वरची तेवढी वरच्या दरानं. पण एसीच्या बाबतीत यातच खोच आहे. पंखा, दिवे, टीव्ही, फ्रिज यांनी पहिल्या शंभरातली स्वस्त जागा आधीच भरलेली असते. एसी येतो तो थेट वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. एसीचं युनिट सरासरी दरानं मोजायचं नसतं, ते महागातलं युनिट असतं.

समजा, घरात एरवी महिन्याला ७० युनिट लागतात. दीड टनाचा, पाच तारांचा इन्व्हर्टर एसी घेतला. खोली स्लॅबची, दारं-खिडक्या नीट, तापमान २६. रात्रीला चार युनिट, महिन्याला १२०. त्यातली ३० पहिल्या टप्प्यात बसली, ९० दुसऱ्या टप्प्यात गेली. पहिल्यांचे १७६ रुपये, दुसऱ्यांचे १०३१, वर शुल्क. बिलात वाढ झाली सुमारे १४०० रुपयांची.

आता तोच एसी पत्र्याच्या खोलीत. वर छत नाही, वाशांजवळ मोकळी फट. कॉम्प्रेसरला उसंत नाही. रात्रीला सात युनिट धरा. महिन्याला २१०. वाढ सुमारे २६०० रुपये. यंत्र तेच, हप्ता तोच, झोपही तीच, पण बिलात बाराशेचा फरक.

तिसरं घर. तिथं तालुक्याच्या गावाहून जुना एसी स्वस्तात आणला. दहा-बारा वर्षांचा, इन्व्हर्टर नसलेला. रात्रीला नऊ युनिट सहज. महिन्याला २७०. यातली चाळीस तर तिसऱ्या टप्प्यात गेली. वाढ ३६०० रुपयांच्या घरात. पहिल्या घराशी ताडून बघा, महिन्याला २२०० जास्त. उन्हाळ्याचे चार महिने धरले तर पावणेनऊ हजारांच्या आसपास. घेताना जे वाचलं ते दोन उन्हाळ्यांत, फार तर तीन उन्हाळ्यांत बिलातून गेलं. जुन्या एसीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे, फुकट मिळाला तरी आधी एक रात्र मीटर बघा.

म्हणजे हजार-दीड हजार म्हणणारी आणि साडेतीन हजार म्हणणारी, दोघी बरोबरच होत्या. त्या गटानं पुढे कर्ज दिलं. पण अर्जाच्या कागदावर हप्त्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहायला लावली, ‘चैत्र ते ज्येष्ठ वाढीव वीजबिल, अंदाजे इतके’. आणि ते कोण भरणार, हेही लिहायला लावलं. ही दुसरी ओळ आम्हाला फार आवडली. एसी घ्यायचं ठरवतं एक माणूस, आणि बिल भरतं दुसरं, बहुतेक वेळा शिलाईच्या किंवा दुधाच्या पैशातून. सगळ्या गटांनी ही ओळ आपल्या अर्जात घालून घ्यावी.

पत्र्याबद्दल अजून थोडं बोलायला हवं, कारण आपल्या निम्म्या घरांचा प्रश्न तोच आहे. दुपारभर तापलेला पत्रा वरून शेकोटीसारखा आच टाकत राहतो. त्याच्याखाली एसी लावणं म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात बर्फ टाकणं. एसीच्या आधी पैसे छताला लावा. पत्र्याखाली थर्माकोलचं किंवा पीव्हीसीचं छत करून घेता येतं, मध्ये हवेची पोकळी राहिली की आच अडते. पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग देता येतो. स्लॅब असेल तर चुन्याचे दोन हात. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्ट या संस्थेनं वस्त्यांमधल्या बायकांना सोबत घेऊन घरांच्या छतांना असा पांढरा रंग देण्याचं काम केलं आहे. त्याच शहरानं २०१० सालची भयंकर उष्णतेची लाट सोसली आणि २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा आखला. उन्हाळ्याचं दुखणं तिथल्या बायकांनी आपल्याआधी ओळखलं, म्हणायचं. पत्र्यावर पाचट, कडबा टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. गारवा येतो खरा, पण ते वाळलेलं असतं, आणि वायर वरूनच गेलेली असते. त्यापेक्षा वर हातभर अंतर सोडून शेडनेट बांधा.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा, जुनी गोधडी, तट्ट्या, काहीही चालेल, पण बाहेरून. आतला पडदा उजेड अडवतो, उष्णता काचेतून आत आलेलीच असते. दाराखाली चिंध्यांची गुंडाळी. एवढं केलं तर काही घरांत एसीची गरजच उरत नाही, आणि घेतलाच तर एक टनाचा पुरतो. दहा बाय दहाच्या खोलीला एक टन, दहा बाय पंधराला दीड टन, असा ढोबळ अंदाज धरतात. दुकानदार मोठाच गळ्यात मारायला बघतो.

जाता जाता एक सांगायचं राहून जाईल. एसी लागतो बैठकीच्या किंवा झोपायच्या खोलीत. घरातली सगळ्यात तापलेली खोली असते स्वयंपाकाची, आणि भर दुपारी तिथं उभी असते ती बाई. छताचं काम काढाल तेव्हा सुरुवात त्या खोलीपासून करा. त्याला महिन्याचं बिलही येत नाही.

मग कूलरचं काय, असं तुम्ही विचारणारच. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात हवा कोरडी, तिथे वाळ्याचा नाही तर भुशाचा कूलर छान चालतो. दीडशे ते दोनशे वॅट, म्हणजे रात्रीला दीड युनिटाच्या आसपास. वरच्याच हिशेबानं महिन्याला पावणेचारशे रुपयांच्या आसपास वाढ. एसीच्या चौथ्या हिश्श्यानं काम होतं. कोकणात मात्र हवेतच पाणी, तिथं कूलर फक्त अंग चिकट करतो. कूलर लावाल तर समोरची खिडकी उघडी पाहिजे, एसी लावाल तर बंद. याच्या उलट करणारी घरं आम्ही खूप बघितली आहेत. पण कूलरचा एक खर्च बिलावर दिसत नाही, तो म्हणजे पाणी. दिवसाला कितीतरी कळश्या लागतात. मे महिन्यात जिथं टँकरची वाट बघावी लागते, तिथं ते पाणी कुणाच्या डोक्यावरून येणार आहे, हेही हिशेबात धरा. धुण्याभांड्याचं गढूळ पाणी घालू नका, वास येतो आणि जाळी कुजते. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, डासांची अंडी असतात.

घरातले पंखे जुने असतील तर बीएलडीसी पंखा हा प्रकार ध्यानात ठेवा. तो ३० वॅटच्या आसपास घेतो. दिवसातले पंधरा तास फिरणारा एक जुना पंखा बदलला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. दोन बदलले तर चाळीस. एसी घेणाऱ्या घरात हीच चाळीस वरच्या, महागड्या टप्प्यातली असतात.

छपरावर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे पहिल्या घराच्या एसीची एक रात्र. पॅनेल दिवसा वीज करतं आणि एसी चालतो रात्री, पण नेट मीटर असेल तर दोन्हींची वजाबाकी होते. मीटर ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्या नावानं. अजून सासऱ्यांच्या नावावर मीटर असेल तर ते काम आधी उरका.

देखभालीचं थोडक्यात सांगतो. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, आपल्याकडे धूळ फार. मळणीच्या दिवसांत तर आठवड्याला. जाळी तुंबली की हवा कमी आणि वीज जास्त. बाहेरची पेटी सावलीत असावी, पण कोंडलेल्या जागेत नको, गोठ्यात तर नकोच नको. पहाटे तीन-चारला बाहेर गारवा येतो, तेव्हा बंद होईल असा टायमर लावा, दोन तास वाचतात. हंगाम संपला की बटण नाही, प्लग काढून ठेवा.

शेवटी वायरिंग, आणि हे कंटाळवाणं वाटलं तरी ऐकाच. आपल्या घरांची वायर दिवे-पंख्यांसाठी टाकलेली असते. त्याच वायरवर एसी लावला तर ती भिंतीत तापते. एसीला मीटरपासून वेगळी लाईन हवी. इलेक्ट्रिशियन साधारण चार एमएमची तांब्याची वायर सांगतात. १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीही नाही. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो बघा. एक किलोवॅटच्या आत असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करून घ्या. गावाच्या डीपीवर भार मोजतात तो याच आकड्यांवरून. दहा घरांनी न सांगता एसी लावले की संध्याकाळी सगळ्या आळीचा दाब पडतो, आणि पिठाची गिरणीसुद्धा कण्हायला लागते. २३० व्होल्टच्या जागी १७०-१८० येत असेल तर एसी घेण्याआधी दुकानदाराला विचारा, हा किती व्होल्टपर्यंत चालतो, स्टॅबिलायझर लागेल का. उत्तर तोंडी घेऊ नका, पावतीवर लिहून घ्या.